ताण, झोप, चालणं आणि जगण्याचा दर्जा: नोकरदार माणसांचे नेहमीचे प्रश्न

तिशी ते पन्नाशीतली, नोकरी किंवा धंदा करणारी, मुलांची शाळा आणि आईवडिलांची औषधं एकाच वेळी सांभाळणारी माणसं डोळ्यांपुढे ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. सगळं क्रमानं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा आणि तिथून सुरुवात करा.

‘जगण्याचा दर्जा’ म्हणजे नेमकं काय? पगार, घर, गाडी?

त्यातलं थोडं. जागतिक आरोग्य संघटनेनं हा दर्जा मोजण्यासाठी १९९०च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. ती जगभरातल्या केंद्रांत मिळून घडवली गेली आणि त्यांत दिल्ली आणि मद्रास ही भारतातली दोन केंद्रं होती. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न आहेत. ते चार भागांत विभागलेले आहेत: शरीर, मन, नाती आणि भोवतालची परिस्थिती. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून उत्तरं द्यायची असतात.

त्यातले प्रश्न वाचले की आपण स्वतःला हे कधी विचारतच नाही, हे जाणवतं. झोपेबद्दल समाधानी आहात का? रोजच्या कामाला अंगात ताकद पुरते का? करमणुकीला, विसाव्याला सवड मिळते का? मित्रांचा आधार मिळतो का? प्रवासाच्या सोयीबद्दल समाधानी आहात का? हा शेवटचा प्रश्न कसाऱ्याहून किंवा विरारहून रोज मुंबईला येणाऱ्या माणसाला विचारून पाहा. पगार वाढला, पण झोप, सवड आणि माणसं कमी झाली, तर या मोजपट्टीवर आयुष्य खाली आलेलं असतं.

ताण वाईटच असतो का?

नाही. परीक्षा, मुलाखत, लग्नघर, महत्त्वाची डेडलाइन अशा वेळी शरीर अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तात साखर सुटते, लक्ष एकवटतं. काम झालं की सगळं मूळ जागी येतं. ही व्यवस्था चांगलीच आहे.

बिघडतं ते ‘मूळ जागी येणं’. हान्स सेल्ये या संशोधकांनी १९३६ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की त्रासाचं कारण कोणतंही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखा असतो. तो लांबला, तर शरीर आधी झगडतं, मग जुळवून घेतं आणि शेवटी थकतं. पुढे ब्रूस मॅकइवेन या मेंदूशास्त्रज्ञांनी या साचत जाणाऱ्या झिजेचा अभ्यास केला. रक्तदाब, कमरेभोवतीची चरबी, रक्तातली साखर, झोप, स्मरणशक्ती या सगळ्यांवर ती झीज हळूहळू उमटते. एका दिवसाच्या भांडणानं माणूस आजारी पडत नाही. वर्षानुवर्षं रात्रीही न उतरणाऱ्या ताणानं पडू शकतो.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तरी सतत थकल्यासारखं का वाटतं?

आधी कोणते रिपोर्ट काढलेत ते पाहा. ‘फुल बॉडी चेकअप’ या नावाखाली कधी कधी नेमकं हवं तेच राहून जातं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि तीन महिन्यांची सरासरी साखर या तपासण्या झाल्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारा. बायकांनी हिमोग्लोबिनकडे दुर्लक्ष करूच नये. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. इतक्या जणींचा थकवा ‘दगदग’ म्हणून सोडून दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील आणि दिवसा डुलक्या येत असतील, तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. हे सगळं खरोखर नॉर्मल निघालं, तर मग झोप, ताण आणि मनःस्थितीकडे वळा. थकवा हे उदासीनतेच्या आजाराचंही लक्षण असतं.

ताणामुळे सवयी बिघडतात की सवयी बिघडल्या म्हणून ताण वाढतो?

दोन्ही, आणि म्हणूनच हे चक्र तुटत नाही. ऑफिसात ताण वाढला की माणूस उशिरापर्यंत जागतो. झोप कमी झाली की भुकेची संप्रेरकं बिघडतात आणि दुसऱ्या दिवशी गोड, तळलेलं खावंसं वाटतं. अंग जड होतं, चालणं बंद पडतं, चिडचिड वाढते, घरात भांडण होतं आणि रात्री पुन्हा झोप लागत नाही.

मग हात घालायचा कुठे? माझं ठाम मत आहे की झोपेपासून. बहुतेक जण उलटं करतात. एक जानेवारीला जिम लावतात, साखर सोडतात, पहाटे पाचचा गजर लावतात आणि झोप मात्र साडेपाच तासांचीच ठेवतात. थकलेल्या माणसाला निश्चय टिकवणं सगळ्यात कठीण जातं. आधी दोन-तीन आठवडे फक्त झोप सुधारा. खाणं आणि चालणं त्यानंतर निम्म्या कष्टात जमतं.

झोप किती हवी? आणि डोळा लागतच नसेल तर?

प्रौढांना किमान सात तास. ‘मला पाच तास पुरतात’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांना ते पुरत नसतात. त्यांना त्या अवस्थेची सवय झालेली असते. रविवारी दहापर्यंत झोपावं लागत असेल, तर आठवडाभराची झोप बाकी राहिली आहे, हे समजा.

झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते. उठण्याची असते. म्हणून रोज एकाच वेळी उठा, सुट्टीच्या दिवशीही फार तर तासभर उशिरा. सकाळी थोडा वेळ उजेडात जा, बाल्कनीत चहा घेतला तरी चालेल. चहा-कॉफीतलं कॅफिन रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहानंतरचा ‘कडक’ चहा रात्री अकरालाही अंगात असतो. आणि ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप झोपण्याआधी पाहू नका. साहेबांचा एक ‘उद्या सकाळी बोलू’ असा मेसेज दोन तासांची झोप घालवतो.

अंथरुणात वीस-पंचवीस मिनिटं तळमळत असाल, तर उठा, मंद दिव्यात काहीतरी शांत करा, झोप आली की परत जा. अंथरूण म्हणजे काळजी करण्याची जागा, असं मेंदूनं शिकता कामा नये. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं किंवा शेजाऱ्यांच्या अनुभवावरून घेऊ नका. निद्रानाश तीन महिन्यांहून जुना असेल, तर त्यासाठीचे खास मानसोपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात.

रात्रपाळीवाल्यांसाठी हे सगळं जास्त अवघड आहे. कारखाना, कॉल सेंटर, हॉस्पिटल, पोलीस खातं, कुठेही असा, दिवसा झोपताना खोली जाड पडद्यानं पूर्ण अंधारी करा आणि घरच्यांना त्या वेळात फोन, कुरिअर, बेल सांभाळायला सांगा. दिवसा झोपणाऱ्या माणसाला आळशी म्हणणारं घर त्याचं आयुष्य कमी करतं.

रात्री नऊला घरी पोचतो. व्यायाम कधी करू?

लंडनच्या डबलडेकर बसची गोष्ट इथे सांगायलाच हवी. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली बसच्या ड्रायव्हरांची आणि कंडक्टरांची तुलना केली. दोघे एकाच बसमध्ये, एकाच शहरात, जवळपास सारख्याच घरांतून आलेले. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर वरखाली जिना चढून तिकिटं फाडत. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. जिममध्ये कोणीच जात नव्हतं. शारीरिक हालचाल आणि हृदय यांचा संबंध दाखवणारा हा पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकी एक.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं चालणं. त्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. पूर्वी ‘एका वेळी किमान दहा मिनिटं’ अशी अट होती. ती आता काढली आहे. पाच मिनिटांचं झपझप चालणंही हिशोबात धरा. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाऐवजी चालणं, जेवणानंतर कॅन्टीनपासून एक फेरी, फोनवर बोलताना येरझाऱ्या, चौथ्या मजल्यापर्यंत जिना. कामाच्या दिवशी अशी पंचवीस-तीस मिनिटं सहज जमतात.

लोकलमध्ये दीड तास लोंबकळणं मात्र यात धरू नका. त्यात दमणूक आहे, व्यायाम नाही.

ताकदीचा भाग आपल्याकडे दुर्लक्षित राहतो. चाळिशीनंतर स्नायू झडत जातात आणि साठीत जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. जोर, बैठका, सूर्यनमस्कार यांना पैसे लागत नाहीत. गुडघे दुखत असतील, तर खुर्चीवरून दहा वेळा हात न टेकता उठा-बसा. ज्यांना हृदयविकार आहे किंवा चालताना छातीत दुखतं, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

ताण आला की खात सुटतो. यावर काही उपाय?

ताणात चमचमीत खावंसं वाटणं हा शरीराचा स्वभाव आहे, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. फक्त ते हाताशी ठेवू नका. संध्याकाळी साडेपाच ते सात ही वेळ धोक्याची. दुपारच्या डब्याला चार तास झालेले असतात आणि समोर वडापाव, भेळ किंवा ऑफिसातला फरसाणचा पुडा असतो. चारच्या सुमाराला मूठभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, एखादं फळ किंवा ताक घेतलं, तर सातची भूक आटोक्यात राहते.

पाहण्यासारखा आकडा म्हणजे कमरेचा घेर. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. वजनकाटा नॉर्मल आणि पोट पुढे, हा आपला नेहमीचा प्रकार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की भारतीय बाळं जन्मतःच वजनानं हलकी, पण तुलनेनं जास्त चरबीची असतात. म्हणून ‘मी तर बारीक आहे’ हे मधुमेहापासून संरक्षण नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर.

मिठाबद्दल एवढंच: दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा. लोणचं, पापड, वेफर्स आणि ताटात वरून घेतलेलं मीठ आधी कमी करा. भाजी-आमटीतलं त्यानंतर.

सिगारेटनं किंवा तंबाखूनं डोकं शांत होतं. मग सोडून ताण वाढणार नाही का?

तलफ आल्यावर जी बेचैनी होते ती निकोटिन कमी झाल्याची असते, आणि पुढची सिगारेट तीच बेचैनी भागवते. यालाच आपण ‘शांत होणं’ म्हणतो. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांची चिंता, उदासी आणि ताण न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झालेला दिसला. पहिले दोन ते चार आठवडे खरोखर कठीण असतात, ते मान्य करूनच सुरुवात करा.

मळलेली तंबाखू, गुटखा आणि गावोगावी बायका दात घासायला वापरतात ती मशेरी, हे सगळं निकोटिनच. मशेरीला ‘व्यसन’ म्हणतच नाहीत, म्हणून ती सोडायला मदतही मागितली जात नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी फोन क्रमांक मोफत आहे.

दारूनं झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर तुटते आणि गाढ होत नाही. झोपेसाठी म्हणून घेत असाल, तर उलटाच परिणाम होतो.

म्हणजे सगळं माझ्याच हातात आहे का? साहेब, ईएमआय, ट्रेन यांचं काय?

हा प्रश्न कुणी विचारला की बरं वाटतं, कारण आरोग्याच्या सल्ल्यांत सगळा भार एकट्या माणसावर टाकला जातो. ते अन्यायाचं आहे.

ब्रिटनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. सगळे पांढरपेशे, सगळ्यांची नोकरी पक्की. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीतल्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होतं, हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशोब केल्यावरही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून तिथल्या सरकारी नोकरांचाच दुसरा अभ्यास हाती घेतला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: आपल्या कामावर आपला ताबा किती? काम कसं करायचं, कधी थांबायचं, हे ठरवायची मुभा ज्यांना नव्हती, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता.

डिलिव्हरी करणारा मुलगा, सोसायटीचा वॉचमन, बँकेत टार्गेटखाली दबलेला अधिकारी, यांना ‘ध्यान करा’ एवढंच सांगणं अपुरं आहे. सुट्टी मिळणं, कामाची पाळी आधी कळणं, कामाचे तास ठरलेले असणं हे आरोग्याचेच विषय आहेत. तुम्ही कुणाचे वरिष्ठ असाल, तर रात्री नऊनंतर मेसेज न पाठवणं ही तुमच्या टीमच्या तब्येतीसाठी तुम्ही करू शकाल अशी मोठी गोष्ट आहे.

आणि स्वतःपुरतं? ताबा जिथे थोडाही मिळेल तिथे घ्या. दुपारच्या जेवणाची वीस मिनिटं मोबाइलशिवाय, आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून मोकळी, कर्जाच्या हप्त्यांचा कागदावर मांडलेला हिशोब. आकडा कितीही मोठा असला, तरी लिहून काढल्यावर काळजीला टोक सापडतं.

नोकरीही करते, घरही बघते. स्वतःसाठी वेळ कुठून आणू?

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे तीन तासांहून जास्त. तुमचा वेळ तिथे गेला आहे. त्यामुळे ‘पहाटे अजून अर्धा तास लवकर उठ’ हा सल्ला मी देणार नाही. त्यानं झोपच कमी होते.

घरात बसून कामांची यादी करा, सगळ्यांसमोर. डबे, पाणी भरणं, गॅस बुकिंग, मुलांचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या, बाईची सुट्टी, वाढदिवसांची आठवण ठेवणं. शेवटचं कामच वाटत नाही, पण सगळं लक्षात ठेवण्याचा भारही ताणच आहे. मग पूर्ण कामं वाटून द्या. ‘मदत’ मागू नका, कारण मदत मागितली की सांगायचं, आठवण करायचं आणि तपासायचं काम तुमच्याकडेच राहतं. नवऱ्यानं रात्रीची भांडी आणि सकाळचे डबे घेतले, तर ते त्याचे. भाजी थोडी खारट झाली तरी त्याचीच.

मिळालेल्या वेळात काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मैत्रिणींबरोबर भिशी, भजनी मंडळ, नुसतं पडून राहणं, काहीही. नाती हा जगण्याच्या दर्जाच्या चार भागांपैकी एक आहे, हे वर आलंच आहे.

२१ दिवसांत सवय लागते हे खरं का?

नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. गणपतीत किंवा दिवाळीत चालणं बंद पडलं, तर ‘सगळं गेलं’ असं न मानता दुसऱ्या दिवशी सुरू करा. नवी सवय जुनीला चिकटवली की सोपं जातं: रात्री दात घासले की फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

ध्यान, प्राणायाम यांचा उपयोग होतो का?

होतो, मर्यादेत. सावकाश, लांब उच्छ्वासाच्या श्वसनानं हृदयाचे ठोके मंदावतात आणि पाच-दहा मिनिटांत हलकं वाटतं. पण बीपीची किंवा शुगरची गोळी त्यासाठी बंद करू नका. डोळे मिटून बसलं की विचार जास्तच उसळत असतील, तर चालणं तुमच्यासाठी बरं.

ताणानं खरंच हार्ट अटॅक येतो?

ताण हा एक कारणीभूत घटक आहे, एकमेव नाही. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाची चरबी यांच्याबरोबर मानसिक-सामाजिक ताणही मोठ्या नऊ घटकांत होता. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरत्र जवळपास ५९ व्या. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणं, घाम, धाप यांपैकी काही असेल, तर ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे कधी जावं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टींत मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, छातीत धडधड होऊन जीव घाबरत असेल, कामावर जाणंच नको वाटत असेल, किंवा ताण हलका करायला दारू वाढत असेल, तर जा. मरणाचे विचार येत असतील, तर आजच बोला, आणि जवळच्या एका माणसाला सांगा.

सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल, तर ‘मला काही दिवसांपासून बरं वाटत नाही, कुठून सुरू करू कळत नाही’ एवढं म्हटलं तरी पुरतं, पुढचे प्रश्न समोरची व्यक्ती विचारते. मानसोपचाराचा खर्च परवडेल का, ही शंका असेल तर आपली आरोग्य विमा पॉलिसी काढून पाहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांनाही विमा संरक्षण देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मात्र पॉलिसीप्रमाणे बदलतो, तो आधी विचारून घ्या. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मनोविकारतज्ज्ञांची तपासणी होते, तिथे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.